पॉलिहाउसच्या निचऱ्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर चालतं का? (मोहाडी, ता. दिंडोरी)

मोहाडीकर_जरबेरा

नमस्कार मंडळी. १० गुंठे पॉलिहाउस आहे. जरबेरा, कुंड्यांत कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण ६,००० झाडं. त्याला लागून १० गुंठे शेडनेट, त्यात टोमॅटो आणि ढोबळीची रोपं ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये. दोन्हीला बोअरचं पाणी. रिपोर्ट असा: पीएच ७.९, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) १.४, बायकार्बोनेट ७ मिलीइक्विव्हॅलंट, सोडियम ६० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). मार्चनंतर बोअर दम तोडतं.

जरबेराला उन्हाळ्यात दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. कुंड्यांखालून निचरा पडतो ९०० लिटर. तो आणि शेडनेटमधलं सांडलेलं पाणी, दोन्ही मागच्या शोषखड्ड्यात जातं. उताराला दीडशे फुटांवर शेजाऱ्यांची विहीर आहे, त्यांच्या घरात प्यायलाही तेच पाणी. त्यांनी आता विचारणा केलीय आणि त्यांचं चुकीचं आहे असं म्हणता येत नाही.

विचारायचं आहे ते असं. शोषखड्डा ठेवायचा की बुजवायचा? पॉलिहाउसच्या छतावरचं पाणी साठवलं तर वर्षभर पुरेल का? निचरा परत झाडांना देता येतो का, मर-मूळकूज न पसरवता? आणि डीलर म्हणतोय आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) बसवा, सगळे प्रश्न मिटतील. खरंच मिटतात का?

काळा_पाषाण

शोषखड्डा आधी बंद करा, बाकीचं नंतर बोलू.

आपल्याकडे वर फूट-दोन फूट माती, खाली मुरूम आणि मग बेसाल्ट. या खडकातून पाणी गाळून उतरत नाही, फटीफटींतून धावतं. वाळूच्या प्रदेशात शोषखड्ड्याचं पाणी शेकडो फूट गाळलं जातं. इथे एखादी फट लागली की थेट विहिरीत. आणि नायट्रेट तर मातीच्या कणांना धरून बसतच नाही, पाणी जाईल तिकडे तेही जातं.

आकडा बघा. जरबेराच्या खतपाण्यात नत्र १५० पीपीएम धरला, बहुतेक नायट्रेटच्या रूपात, तर नायट्रेट म्हणून तो लिटरला साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर जातो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमचा एक लिटर निचरा त्या मर्यादेत आणायला १४ लिटर नितळ पाणी मिसळावं लागेल. शेजाऱ्यांच्या घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं मूल असेल तर विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत त्याच्यासाठी वेगळं पाणी आणायला आजच सांगा. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतो. तपासणीचा खर्च तुम्ही करा, शेजार टिकतो.

तात्पुरती सोय म्हणून २,००० लिटरची टाकी जमिनीत, वर अर्धा एचपीचा पंप आणि पाणी नेपियर गवताला. ९०० लिटर रोज म्हणजे वर्षाला ४८-५० किलो नत्र, जवळजवळ अडीच गोण्या युरिया. तो पचवायला १५-१६ गुंठे गवत पाहिजे आणि ते नियमित कापून बाहेर न्यायला पाहिजे. कापलंच नाही तर नत्र तिथल्या तिथे फिरत राहतो. बांधावर चार ठोंब लावून भागत नाही. आणि शेजारी द्राक्षबाग आहे म्हणून निचरा तिकडे वळवू नका. एप्रिल छाटणीनंतर असा बेहिशेबी नत्र मिळाला की शेंडा पळतो आणि घड थांबतात.

सिन्नर_ठिबक

@काळा_पाषाण, शोषखड्डा म्हणजे भूजल पुनर्भरण ना? सगळीकडे तेच सांगतात, पाणी जमिनीत मुरवा. इथे एकदम बंद करा म्हणताय.

काळा_पाषाण

पावसाचं पाणी मुरवा. खताचं नाही. मुरवायचं काय, हे कुणी विचारत नाही म्हणून तर घोळ होतो. शेततळं भरून सांडणारं छताचं पाणी त्याच खड्ड्यात जरूर सोडा, पण आधी त्यातला खताने माखलेला गाळ आणि खडी काढून टाका.

पन्हळ

छताच्या पाण्याचं गणित मांडतो.

१० गुंठे म्हणजे १,००० चौरस मीटर. पाऊस सरासरी ७०० मिमी धरा, ८५ टक्के हाती लागला तर ६ लाख लिटर. कमी पावसाच्या वर्षी यातलं दोन तृतीयांश धरा. शेततळं २० × २० × ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद: यात पावणेनऊ लाख लिटर मावतं. तळ्यावर थेट पडणारा पाऊस आणखी पावणेतीन लाख. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत जरबेराला सरासरी अडीच हजार लिटर लागतं, म्हणजे तीन लाख लिटर तेव्हाच वापरलं जातं. ऑक्टोबरला तळ्यात साधारण पावणेसहा लाख उरतं.

खरी गोम पुढे आहे. ऑक्टोबर ते मे उघड्या तळ्यातून साडेतीन ते चार लाख लिटर नुसतं उडून जातं. म्हणजे तुमच्यापेक्षा सूर्यच जास्त पितो. वर ७५ टक्क्यांची शेडनेट ताणली (काठावर लोखंडी खुंट, मधे दर दीड-दोन मीटरवर गॅल्व्हनाइज्ड तार) तर हे नुकसान दीड लाखाच्या आसपास येतं आणि शेवाळही कमी धरतं. उरलं सव्वाचार लाख. आठ महिन्यांची जरबेराची गरज साडेआठ लाख. म्हणजे निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं. हिशेब काठावर बसतो, पण बसतो. झाकण नसेल तर बसत नाही.

पाइपात कंजुषी करू नका. वळवाच्या किंवा मोठ्या सरीत तासाला ५० मिमी पडतो, म्हणजे तुमच्या छतावरून सेकंदाला १४ लिटर. प्रत्येक गटरच्या टोकाला ४ इंची उतरण पाइप, आणि सगळे मिळून जमिनीखालून ६ इंची पाइप, १०० फुटांना एक फूट उतार. इथे ४ इंची घातला की गटर पॉलिहाउसच्या आत उलटतं आणि बेड बुडतात. उतरणीच्या तोंडाशी जाळी बसवा, ती उघडून साफ करता आली पाहिजे.

पहिल्या सरीचं पाणी तळ्यात घ्यायचं नाही. उन्हाळाभराची धूळ, पक्ष्यांची घाण आणि छताच्या प्लास्टिक कागदावर मारलेला चुना त्यात असतो. पहिले २ मिमी म्हणजे २,००० लिटर बाजूला काढा. मोठ्या पाइपला टी आणि गेट वॉल्व्ह पुरेसा आहे, यंत्रबिंत्र लागत नाही. पण वॉल्व्ह फिरवायचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. चुना मारलेला असेल तर कागद पांढरं पाणी सोडायचं थांबेपर्यंत सगळं बाहेर.

तळ्याला कुंपण आणि चारही कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर. तळ्याच्या ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हे काम पाणी भरायच्या आधी करायचं.

ईसी_बघा_आधी

आरओबद्दल: मिटत नाहीत, जागा बदलतात. शंभर लिटर बोअरच्या पाण्यातून ५०-६० लिटर गोडं मिळतं आणि उरलेलं २.८ ते ३.५ ईसीचं खारं पाणी तुमच्या दारात उभं राहतं. बोअर आधीच दमलंय, त्यातून दीडपट-दुप्पट पाणी उपसायचं आणि निम्मं फेकायचं! छताचं पाणी फुकट येतंय तोवर तो खर्च करू नका.

तुमचा त्रास ईसीपेक्षा बायकार्बोनेटचा आहे. ७ वरून ०.५ वर आणायला प्रत्येक १,००० लिटरमागे प्रत्येक एका मिलीइक्विव्हॅलंटला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड ६८ मिलि, नाहीतर ६० टक्क्यांचं नायट्रिक ७७ मिलि लागतं. सगळं फॉस्फोरिकने करायला गेलात तर साडेचारशे मिलिच्या जवळ जाता आणि पाण्यात २०० पीपीएम स्फुरद होतो. मग लोह आणि जस्त अडकतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि लोक वरून चिलेटेड लोह ओततात. हे मोहाडी-जानोरीकडे सर्रास दिसतं.

निम्मं पावसाचं पाणी मिसळलं की बायकार्बोनेट ३.५ वर येतो. त्यातला ३ मारायचा: फॉस्फोरिक ६८ मिलि आणि नायट्रिक १५४ मिलि, १,००० लिटरला. यातून स्फुरद ३१ पीपीएम आणि नत्र २८ पीपीएम आपोआप मिळतो, तो खताच्या तक्त्यातून वजा करा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत.

आता सगळ्यात जास्त जिथे फसतं ते. पावसाळ्यात पूर्ण पावसाच्या पाण्यावर गेलात आणि ॲसिडचा डोस बोअरचाच राहिला, तर पीएच ३ च्याही खाली जातो आणि दोन दिवसांत मुळांची टोकं तपकिरी होतात. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नसतोच, धरून ठेवायला काही नाही. म्हणून ९० भाग पावसाचं आणि १० भाग बोअरचं घ्या. बायकार्बोनेट ०.७ मिळतो, तेवढा आधार पुरतो. ॲसिड शून्य. पाण्याचं प्रमाण बदललं की ॲसिड बदललंच पाहिजे, हे टाकीवर रंगाने लिहून ठेवा.

दुसरं, बोअरच्या पाण्यातून फुकट मिळणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम पावसाळ्यात बंद होतं. १,००० लिटरला कॅल्शियम नायट्रेट ६४० ग्रॅम दिलं तर कॅल्शियम १२० पीपीएम, मॅग्नेशियम सल्फेट २५० ग्रॅम दिलं तर मॅग्नेशियम २४ पीपीएम. एवढ्यावर जरबेरा खूश असतो.

निचरा परत द्यायचा की नाही हे सोडियम ठरवतो. झाड सोडियम जवळजवळ घेतच नाही. दिलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा निचरा होत असेल तर आत गेलेला सोडियम निचऱ्यात चौपट दाटतो. नुसत्या बोअरवर ६० चे दोनशेच्या वर. असा निचरा फिरवला की पंधरवड्यात पानांच्या कडा जळायला लागतात. ९०:१० वर मात्र आत जातो ६ आणि निचऱ्यात पंचवीसच्या आत. म्हणजे पावसाळ्यात निचरा बिनधास्त फिरवा आणि उन्हाळ्यात गवताला सोडा. सोयही तशीच आहे, कारण पावसाळ्यात गवताला पाणी नकोच असतं आणि ओल्या जमिनीवर सोडलं तर सगळं खाली झिरपतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणावर असताना महिन्यातून एकदा निचऱ्याचा सोडियम तपासा, ९० पीपीएमच्या वर दिसला की ती टाकी गवताला.

फिरवताना निचरा एकूण पाण्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. निचऱ्याची ईसी २.४ असेल तर त्याचा वाटा साधारण ०.५ येतो, मिश्रणाची ईसी मोजून १.६-१.७ ला जेवढी कमी पडेल तेवढंच खत घाला. जुन्या तक्त्याप्रमाणे पूर्ण खत घातलं तर कुंडीतली ईसी आठवड्यात ३ ओलांडते.

मोहाडीकर_जरबेरा

मंडळी, मनापासून आभार. आरओचा विषय बंद. पण पावसाळ्यात निचरा फिरवायचा तर तेव्हाच मूळकुजीचा जोर असतो. ब्लीचिंग पावडर टाकून द्यावं का? कुणी युव्ही दिवाही सांगतं.

वाळूचा_फिल्टर

कोकोपीटच्या निचऱ्याला चहासारखा रंग असतो, त्यातून युव्हीचा उजेड पारच होत नाही. ब्लीचिंगचंही तेच, रंगाचा सेंद्रिय भाग आणि अमोनिया मिळून क्लोरीन खाऊन टाकतात. जंतूंपर्यंत काही पोचत नाही आणि तुम्हाला वाटतं डोस दिलाय.

तुमच्या ९०० लिटरला संथ वाळू फिल्टर उत्तम. विहिरीची सिमेंटची कडी, १ मीटर व्यासाची, दोन-सव्वादोन मीटर उंची होईल इतकी एकावर एक. सांधे आतून वॉटरप्रूफ गिलाव्याने बंद. तळाला भोकं पाडलेला दीड इंची पाइप, त्यावर १५ सेंमी २० मिमीची खडी, १० सेंमी बारीक खडी, ८-१० सेंमी जाड वाळू आणि वर ८० सेंमी बारीक वाळू. वाळूवर निदान ६०-७० सेंमी पाणी कायम. क्रशरची वाळू चालत नाही, त्यातली भुकटी आठवड्यात थर घट्ट करते. बारीक वाळूच्या दाण्याचा आकार ०.१५ ते ०.३५ मिमीच्या घरातला हवा. चाळून, बरणीत हलवून पाणी नितळ राहीपर्यंत धुवायची. हे धुणं कंटाळवाणं आहे आणि निम्मे फिल्टर इथेच बिघडतात.

वेग तासाला ७५ लिटर, त्याहून जास्त नाही. हा फिल्टर गाळण्यापेक्षा वरच्या थरातल्या जिवाणूंवर चालतो, मूळकूज करणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोराचे बीजाणू तिथे खाल्ले जातात. तो थर तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा मे महिन्यातच पाणी फिरवायला सुरुवात करा. तोवर बाहेर पडणारं पाणी गवताला. बाहेरचा पाइप वाळूच्या पातळीच्या ५ सेंमी वर नेऊन मग खाली वळवा, म्हणजे लाईट गेली, पाणी आटलं तरी वाळू कोरडी पडत नाही. कोरडी पडली की थर मेला. पाणी वरच्या टाकीतून उताराने आणि फ्लोट वॉल्व्हने सोडा, पंपावर अवलंबून ठेवू नका.

वेग घटला की वरची १-२ सेंमी वाळू खरवडून काढायची, उलटं धुवायचं नाही. फ्युझेरियम (मर रोगाची बुरशी), विषाणू आणि सूत्रकृमी यांची हमी हा फिल्टर देत नाही.

बायपास वॉल्व्ह हवाच. ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं) केलं किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने ठिबक धुतलं की पुढच्या दोन दिवसांचा निचरा फिल्टरला दाखवायचासुद्धा नाही.

ब्लीचिंग वापरायचंच तर फिल्टरनंतरच्या नितळ पाण्याला. ३० टक्क्यांची ताजी पावडर १,००० लिटरला १५-१७ ग्रॅम म्हणजे ५ पीपीएम. अर्ध्या तासाने शेवटच्या ड्रिपरपाशी किटवर २ पीपीएम दिसला पाहिजे. पीएच ७.५ च्या खाली हवा. आणि ब्लीचिंगचं भांडं ॲसिडच्या कॅनजवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद शेडमध्ये जीव जाऊ शकतो.

रोपवाला_पिंपळगाव

शेडनेटच्या पाण्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणून लिहितो. ते पाणी जरबेराच्या टाकीत अजिबात घेऊ नका. त्यात मेटॅलॅक्झिल, कॉपर ऑक्सिक्लोराइड अशी बुरशीनाशकं, कोकोपीटचा चुरा असं सगळं असतं. ट्रेच्या खाली जाड प्लास्टिक, मधोमध उताराची नाली आणि टोकाला दोन कप्प्यांची टाकी: पहिल्यात चुरा बसतो, दुसऱ्यातलं पाणी खडीच्या वाफ्याला. खडी ६० सेंमी खोल, त्यात कर्दळ आणि पाणकणीस, पाणी खडीच्या वर दिसता कामा नये, नाहीतर डास. दिवसाला ९०० लिटर येत असेल तर १.५ × १० मीटरच्या वाफ्यात ते चार दिवस रेंगाळतं. जलपर्णी नको, गोदावरीत काय झालंय ते रोज बघतोच आपण. वाफ्यातून निघालेलं पाणी बांबूला, कुंपणाच्या झाडांना. टोमॅटो, ढोबळी, वांग्याला नाही.

त्याआधी सांडणंच कमी करा. ट्रेंच्या मधे १२ सारखी भांडी ठेवा, दहा मिनिटं पाणी चालू करा आणि मोजा. सर्वांत कमी भरलेल्या तीन भांड्यांची सरासरी एकूण सरासरीच्या ८० टक्क्यांखाली असेल तर नोझल झिजलेत किंवा दाब पडतोय. कोपऱ्यातले ट्रे सुकतात म्हणून माणूस अख्ख्या शेडला जास्तीची पाच मिनिटं देतो, सांडतं ते तिथे. ट्रे एकमेकांना भिडवून लावा, मोकळ्या वाफ्याचा कॉक बंद. एका ट्रेचं पाणी देण्याआधी आणि नंतर वजन करा. ३०० ग्रॅमच्या आसपास वाढ पुरे. पाणी सकाळीच, संध्याकाळी ओली राहिलेली रोपं कोलमडतात.

कोकोपीटचे ब्लॉक ०.५ च्या खालच्या ईसीचे, धुतलेलेच घ्या. स्वस्तातले आणून धुतले की सोडियम-पोटॅशियमचं खारं पाणी परत तुमच्याच जमिनीत.

मोहाडीकर_जरबेरा

एक राहिलं. शेडनेटची व्हेंच्युरी (वाहत्या पाण्याच्या ओढीने खत खेचणारी जोडणी) सरळ बोअरच्या डिलिव्हरी लाईनवर आहे. लाईट गेली की खताची बादली कधीकधी आपोआप रिकामी झालेली सापडते. हे काय?

काळा_पाषाण

अहो, ती बादली तुमच्या बोअरमध्ये गेली! पंप बंद पडला की उभ्या पाइपातलं पाणी खाली कोसळतं, मागे पोकळी होते आणि व्हेंच्युरीची नळी खत ओढून घेते. थ्री फेज दिवसातून दोनदा जाते तिथे हे दोनदा घडतं.

आज संध्याकाळपर्यंत व्हेंच्युरी त्या लाईनवरून काढा. बोअरचं पाणी आधी उघड्या टाकीत पडू दे, पाइपाचं तोंड टाकीच्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपासून पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट उंच, म्हणजे २ इंची पाइपाला ४ इंच मोकळी हवा. खत त्या टाकीनंतरच्या वेगळ्या पंपावर द्या. ही मोकळी जागा कधी बिघडत नाही, एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा वॉल्व्ह) मात्र वाळूचा एक खडा अडकला की उघडा राहतो. तरी बोअरच्या तोंडाशी एनआरव्ही आणि त्याच्या पुढे एअर वॉल्व्ह असू द्या, आणि व्हेंच्युरीच्या नळीला छोटा कॉक, पाणी बंद करायच्या आधी तो बंद. शेजाऱ्यांच्या विहिरीबरोबर तुमच्या बोअरचाही नायट्रेट तपासायला द्या, नमुना पंप १५ मिनिटं चालवल्यावर घ्या.